लिक्विड कोलॅजेन आणि थायरॉईडची गोळी: एकत्र चालतं का?

रानजाई:
ताईसाठी विचारतेय. वय 47, शाकाहारी, रोज सकाळी थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम. त्वचा सैल पडतेय, केस गळताहेत, म्हणून पार्लरमध्ये तिला लिक्विड कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाचं पेय) सुचवलंय. बाटली 500 मिलीची, रोज 25 मिली घ्यायचं. लेबलवर दर 100 मिलीला असं लिहिलंय: हायड्रोलाइज्ड मरीन कोलॅजेन 10 ग्रॅम, साखर 24 ग्रॅम, व्हिटॅमिन सी 320 मिलिग्रॅम, बायोटिन 20 मिलिग्रॅम, झिंक 20 मिलिग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिड, पोटॅशियम सॉर्बेट. येत्या सोमवारी तिची टीएसएच (थायरॉईडची रक्त) तपासणी आहे. घ्यावं का? पावडरपेक्षा लिक्विड लवकर लागू पडतं म्हणतात, ते खरं का?

तिरफळ:
ताई शाकाहारी असतील तर विषय इथेच संपतो. मरीन म्हणजे समुद्री शेवाळ नव्हे. माशांची कातडी आणि खवले यांपासून ते काढतात. बाटलीवर चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल, बघा. कोलॅजेन फक्त प्राण्यांच्या शरीरात बनतं, त्यामुळे 'व्हेज कोलॅजेन' म्हणून जे विकतात त्यात बहुधा व्हिटॅमिन सी, काही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि वनस्पतींचे अर्क असतात. मासळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर या बाटलीला हातच लावू नये.

आता हिशेब. 10 ग्रॅम हा आकडा 100 मिलीचा आहे, म्हणजे 25 मिलीत कोलॅजेन फक्त अडीच ग्रॅम आणि साखर 6 ग्रॅम, सव्वा चमचा तरी. त्वचेवरच्या चाचण्यांमध्ये साधारण अडीच ते 10 ग्रॅम रोज, 8 ते 12 आठवडे दिलेलं असतं. त्या मापात ही मात्रा अगदी खालच्या टोकाला आहे.

लिक्विड लवकर लागू पडतं याला आधार नाही. पावडर पाण्यात विरघळवली की तेच पेप्टाइड (प्रथिनाचे तुकडे) पोटात जातात. आतड्यात त्यांची अमिनो आम्लं आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे होतात, ते रक्तात जातात. ते तुकडे गालाकडे जावेत की गुडघ्याकडे, हे बाटली ठरवत नाही. 2025 मध्ये 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या मिळून ओलावा आणि लवचीकपणा सुधारलेला दिसला, पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर फायदा दिसेना. माझ्या मते हा मुद्दा किमतीच्या आधी बघायला हवा.

आणखी एक. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे रोजच्या प्रथिनांच्या हिशेबात ते डाळ, दूध, अंडी यांच्या जागी धरू नका.

सीरम:
मला कोलॅजेनपेक्षा बायोटिनची काळजी वाटते, कारण तपासणी सोमवारी आहे. 25 मिलीत 5 मिलिग्रॅम होतं. रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅम, म्हणजे हे शंभरपटीहून जास्त.

टीएसएच मोजणाऱ्या अनेक किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांची पकड वापरतात. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ते स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा अडवतं. मग टीएसएच खोटंच कमी येतं, आणि फ्री टी4 (रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन) खोटंच जास्त. रिपोर्ट बघून गोळी जास्त होतेय असं वाटतं आणि डोस कमी केला जातो. ताईंना खरं तर तेवढ्याच डोसची गरज असते, मग थकवा, बद्धकोष्ठता आणि केस गळणं आणखी वाढतं. हार्ट अटॅकच्या वेळी करतात ती ट्रोपोनिन तपासणीही अशीच खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) 2017 मध्ये यावर इशारा दिला होता.

रक्त देण्याआधी निदान दोन, शक्यतो तीन दिवस बाटली बंद ठेवा. रक्त घेणाऱ्याला बायोटिन घेतल्याचं सांगा आणि लॅबला विचारा, त्यांच्या किटवर बायोटिनचा परिणाम होतो का. सगळ्या किटवर होत नाही. केसांच्या साध्या गोळ्यांमध्येही बायोटिन असतं, त्याही याच हिशेबात धरा.

रानजाई:
मरीन म्हणजे शेवाळच समजलो होतो आम्ही. तिने तीन दिवस घेतलंय, आज बंद करायला सांगते. शिवाय तिला पूर्वी मूतखडा झाला होता, कॅल्शियम ऑक्झलेटचा. त्याचा काही संबंध?

कडुलिंब:
आहे, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन हे अमिनो आम्ल असतं, 10 ग्रॅममागे सव्वा ग्रॅमच्या आसपास. यकृतात त्याच्यापासून ग्लायऑक्सिलेट आणि पुढे काही भाग ऑक्झलेट होतं, ते लघवीतून बाहेर पडतं. जास्तीचं व्हिटॅमिन सीही त्याच वाटेने जातं. या बाटलीत दिवसाला 80 मिलिग्रॅम आहे, ते ठीक, पण काही बाटल्यांत 500 ते 1000 असतं. अडीच ग्रॅम कोलॅजेनचा भार मोठा नाही, तरी ऑक्झलेटचा खडा होऊन गेलेल्यांनी तेवढाही कशाला घ्यावा? किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

थायरॉईडच्या गोळीसाठी मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा: गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. कॅल्शियम, लोह असलेली बाटली असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. झिंक असेल तरी तेच पाळलेलं बरं, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर. आंबट द्रव घोट घोट घेत बसू नये, दातांचं एनॅमल झिजतं. एकदम प्या, पाण्याने चूळ भरा, ब्रश मात्र अर्ध्या तासाने.

केसांसाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. तापाच्या आजारानंतर किंवा वजन झपाट्याने उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा आपोआप थांबतं. त्वचेतलं कोलॅजेन तुटतं ते मुख्यतः उन्हाने आणि धूम्रपानाने. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरेल एवढं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणि रोज एक पेरू, त्यात बाटलीपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी मिळतं.

रानजाई:
सोमवारऐवजी गुरुवारी रक्त द्यायला सांगितलंय, त्याबरोबर सीबीसी आणि फेरिटिनही. बाटली परत घेतात का ते पार्लरमध्ये विचारते.