मदत हवी आहे : 2002 की 2009? उद्या सबमिशन!!

चिमणी_उडाली
नमस्कार मंडळी. कायदा नेमका कधी आला, 2002 की 2009? शोधलं तर दोन्ही सालं सापडतायत. सरांनी लाल पेनाने गोल केलाय आणि कारण सांगत नाहीत. फक्त साल सांगा, लेक्चर नको प्लीज.

पेठेतला_पोपट
कोणता कायदा? कोणत्या देशाचा? इथे काय सगळे कुडमुडे जोशी बसलेत?

चिमणी_उडाली
अहो स्पर्धा कायदा, भारताचाच! आणि आधीचा एमआरटीपी (मक्तेदारी रोखणारा जुना कायदा) कधी गेला तेही.

निवृत्त_हेडक्लार्क
"आला" म्हणजे काय ते आधी ठरवा. संसदेत मंजूर डिसेंबर 2002. राष्ट्रपतींची संमती 13 जानेवारी 2003. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पर्धा आयोग कागदावर स्थापन. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात: काम न्यायनिवाड्याचं, तर अध्यक्ष न्यायाधीश का नको? त्यावर 2005 चा निकाल, 2007 ची दुरुस्ती, आणि मुख्य कलमं, 3 (स्पर्धा मारणारे करार) आणि 4 (बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर), लागू झाली 20 मे 2009 ला. कंपन्यांच्या विलीनीकरणाची तर 1 जून 2011 ला. कायद्याच्या नावातलं साल बघून पेपर लिहू नये.

किक_मारून_दमलो
एमआरटीपी गेला ते बरंच झालं. 20 कोटींच्या वर मालमत्ता असली की कारखाना वाढवायलाही दिल्लीची परवानगी. बाबांनी स्कूटरचा नंबर लावला तेव्हा मी बालवाडीत होतो. स्कूटर दारात आली तेव्हा चौथीत.

कडू_कारलं
स्कूटरचं खापर एकट्या एमआरटीपीवर नको. परवाने 1951 च्या उद्योग कायद्यापासूनचे. मोजक्या घराण्यांच्या हाती किती धंदे एकवटलेत हे दासगुप्ता आयोगाने 1965 ला मांडलं, म्हणून 1969 चा एमआरटीपी आला. 20 कोटींचे 100 कोटी 1985 ला झाले आणि 1991 ला ती परवानगीच काढून टाकली. 2009 ला गेला तो सांगाडा.

किक_मारून_दमलो
सांगाडा व्हायच्या आधी वीसेक वर्षं मानेवर बसला होता ना?

गारेगार
माझा फ्रिज 14 महिन्यांत बंद. वॉरंटी 12 ची. कॉम्प्रेसरला 10 वर्षं म्हणाले होते, आता म्हणतात गॅस भरणं त्यात येत नाही. ग्राहक मंचात जाऊ का?

निवृत्त_हेडक्लार्क
मंच नाही, ग्राहक आयोग. 2019 चा ग्राहक कायदा 20 जुलै 2020 ला लागू झाला तेव्हापासून. 2 वर्षांच्या आत तक्रार करा. 5 लाखांपर्यंत फी नाही, आणि राहता त्या जिल्ह्यात दाखल होते. आधी 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावा.

माहेरची_सुमन
कायदे नंतर आले हो. बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत (एकत्र खरेदी करून माल वाटून घेणारी ग्राहकांची संघटना) 1974 ची, पुण्यातली. मुंबईतही लगेच सुरू झाली. आमच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा वर्तमानपत्रं पसरून तूरडाळीचे ढीग लागायचे. आई वजनं मांडायची, शेजारच्या काकू काट्याकडे डोळे बारीक करून बघत बसायच्या. पिशवीत दोन दाणे जास्त गेले तरी परत काढायच्या!

पेठेतला_पोपट
डाळीवर वेगळा धागा काढा. चिमणीताई, गोल नेमका कशाला केलाय? पूर्ण वाक्य टाका.

चिमणी_उडाली
"2009 मध्ये एमआरटीपी कायदा रद्द होऊन त्याच दिवशी 2002 चा स्पर्धा कायदा लागू झाला." गोल... "त्याच दिवशी"ला आहे. अय्यो.

निवृत्त_हेडक्लार्क
मग सालं कसली विचारत बसलात! एमआरटीपी 1 सप्टेंबर 2009 ला रद्द झाला. म्हणजे 20 मे ते 31 ऑगस्ट दोन्ही कायदे एकाच घरात नांदत होते. आणि एक ओळ वाढवा: फसव्या जाहिरातींसारख्या अनुचित प्रथा 1984 च्या दुरुस्तीने एमआरटीपीत आल्या होत्या, पण स्पर्धा कायद्याने त्या घेतल्या नाहीत. ते काम ग्राहक कायद्याकडेच राहिलं. सर बहुतेक हेच शोधत असतील.

कडू_कारलं
इतक्या वर्षांत पहिल्यांदा हेडक्लार्कांशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

चिमणी_उडाली
दोन्ही टाकलं. प्रिंटला चालले, दुकान 9 ला बंद होतं.

गारेगार
बिल सापडत नाहीये. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालतो का?