पंचायतीला अधिकार दिलेत, की नुसती कामं? (चर्चा)

कोरेगावकर (धागाकर्ता)

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षं उलटली तरी निवडणूक झाली नव्हती, मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक होते. राज्यघटनेचं कलम 243-ई सांगतं की मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, कबूल. पण शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाला 'चार महिन्यांत उरका' असं सांगावं लागलं, आणि तेवढ्यातही उरकलं नाही.

73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि सत्ता गावात आली, असं आपण दरवर्षी ऐकतो. 11व्या अनुसूचीत शेतीपासून रेशनपर्यंत 29 विषय आहेत. पण कलम 243-जी नीट वाचा. विधिमंडळ पंचायतींना अधिकार 'देऊ शकेल', इतकंच. द्यावेच लागतील असं कुठं आहे? सरपंच थेट जनतेतून निवडायचा हे 2017 ला ठरलं, 2020 ला रद्द झालं, 2022 ला परत आलं. तिन्ही वेळा निर्णय मुंबईत.

डिव्होल्यूशनची, म्हणजे वरची सत्ता खाली सोपवण्याची, मायभूमी म्हणवणाऱ्या ब्रिटनमध्ये तरी वेगळं काय? उत्तर आयर्लंडचं विधिमंडळ लंडननं 1972 मध्ये गुंडाळलं. स्कॉटलंडला 1999 मध्ये संसद मिळाली, पण तिनं मंजूर केलेलं लिंगओळखीबाबतचं विधेयक जानेवारी 2023 मध्ये लंडननं अडवलं. माझं म्हणणं सरळ आहे: देणाऱ्याला परत घेता येत असेल तर तो अधिकार नव्हे, कामाची वाटणी झाली.

निवृत्त_खटाव

पंचायत समितीत आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. अधिकार नाहीत ही तक्रार सोयीची आहे. घरपट्टी, पाणीपट्टी बसवायचा अधिकार ग्रामपंचायतीला कायद्यानंच आहे. कितीजण वापरतात? दर वाढवायचा विषय मासिक सभेत आला की सगळे चहा मागवतात. पुढच्या निवडणुकीत भावकीची मतं कोण घालवणार?

आणि स्कॉटलंडचं अर्धंच सांगितलंत. 2016 च्या कायद्यानुसार तिथली संसद सार्वमताशिवाय बरखास्त करता येत नाही.

आपल्या पंचायती म्हणजे अमरवेल झाल्यात. स्वतःची मुळं नाहीत, पानं नाहीत, वरच्या निधीवर जगायचं. याला उत्क्रांती नाही, अधोगती म्हणतात.

माणदेशी

आवं साहेब, वरचा निधी म्हणता, पण तो येतो कसा ते पण सांगा की. 15व्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के बंधित असायचा, म्हंजी ठरल्या कामालाच. पाणी आन स्वच्छता, बास. उरलेल्यात पगार भागवता येत नाय. आराखडा आमी करायचा आन रकाने वरनं आखून यायचे. ह्याला आमचा आराखडा म्हणायचं व्हय?

निवृत्त_खटाव

माणात पाणी नको का? बंधित नसता तर त्या पैशाची कमान झाली असती, नाहीतर सभामंडप, नाहीतर पेव्हर ब्लॉक. पाहिलंय मी.

माणदेशी

कमान वाईटच. पण चुकायचा हक्क आमदार-खासदारांना हाय, गावाला न्हाय, असं का?

कासची_बाई

विषयांतर वाटेल, पण अमरवेलीवर अन्याय होतोय. मी जीवशास्त्र शिकवते.

'उलटी उत्क्रांती' असं काही नसतं. उत्क्रांतीला वर-खाली नसतं, कारण तिला कुठं पोचायचंच नाही. जे अवयव पोसणं परवडत नाही ते झिजतात, एवढंच. परजीवी प्राण्यांचं शरीर सोपं होत गेलेलं पाहून लँकेस्टर या इंग्रज शास्त्रज्ञानं 1880 मध्ये 'अपकर्ष' असा शब्द वापरला होता, पण सोपं होणं म्हणजे हीन होणं नव्हे. कासच्या पठारावर सीतेची आसवं सगळेच पाहतात. त्या वनस्पतीला खरी मुळंच नसतात. जांभा खडकावरच्या निकस, ओल्या मातीत ती बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडते आणि पोषण मिळवते. मुळं गेली, पण तिनं सापळा कमावला. आपल्या शरीरानं क जीवनसत्त्व बनवायची क्षमता कधीच गमावली आहे. तेवढ्यानं कुणी माणसाला माकडाच्या मागं ढकलत नाही.

उलट बेल्जियन शास्त्रज्ञ डोलो यांनी 1893 मध्ये मांडलं की गमावलेली गुंतागुंतीची रचना जशीच्या तशी परत येत नाही. यालाही अपवाद सुचवले गेलेत, पण खटावच्या काकांनी काळजी करायचीच तर याची करावी. तीन वर्षं ज्या जिल्हा परिषदेत सदस्यच नव्हते, तिथं प्रश्न विचारायची सवय लगेच परत येईल का?

निवृत्त_खटाव

बाई, उपमेला इतकं चिरायचं नसतं. पण सवयीचा मुद्दा बरोबर आहे.

सांगलीची_वकील

धागाकर्त्यांचा पाया मला पटत नाही. वरून खाली येणारं सगळंच मर्जीवर नसतं. वारशाचंच बघा. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 6 चा विषयच एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला हिस्सा पुढं कसा जातो हा आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मानंच वाटेकरी केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. मग वाद झाला की त्या तारखेला बाप हयात होता का. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: हक्क जन्मानं आहे, बाप हयात असण्याशी संबंध नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या कायदेशीर वाटण्या तेवढ्या शाबूत.

म्हणजे तोच हिस्सा आधी मेहेरबानी होता, नंतर हक्क झाला. मजकूर बदलला म्हणून. 243-जी मधला 'देऊ शकेल' बदलून 'देईल' करा. मागणी ही हवी.

मिरजवाला

ताई, मजकूर बदलून काय झालं ते तुमच्याच टेबलावर दिसत असेल. वारस नोंद लागायच्या आत बहिणीकडून हक्कसोडपत्र. साडीचोळी दिली, सही घेतली. कागदावर सहदायाद, उताऱ्यावर भाऊ.

सांगलीची_वकील

दिसतं, रोज दिसतं. पण सही घ्यावी लागते, हे विसरू नका. 1994 च्या आधी जन्मानं मिळणाऱ्या हिश्श्यासाठी तेवढीही गरज पडत नव्हती. आणि आता सही न करणाऱ्या वाढल्यात, त्याही माझ्याच टेबलावर येतात.

कुंडलकडचा

कायद्याच्या शब्दांवर एवढा जीव कशाला? औंध संस्थानात 1939 मध्ये पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना दिली, गावपंचायतींच्या पायावर उभी. आमचं कुंडल आणि आटपाडी त्याच संस्थानात. आणि 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. त्यांनी गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, कुठल्या अनुसूचीची वाट नाही पाहिली. आजही कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि घरातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. शासन निर्णय कुठाय त्याचा?

वाळव्याचा_पोरगा

भोंग्यात कुणाचं बजेट जात नाही, म्हणून वाजतो. आणि गावाच्या सत्तेचं एवढं कौतुक नको. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगार म्हटलं, ते उगाच नाही. आमच्या वस्तीतली बाई आज सदस्य आहे ती गावानं मोठ्या मनानं निवडली म्हणून नव्हे. राखीव जागा घटनेनं वरून लादली म्हणून. 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना, त्याही वरूनच. सगळं खाली सोडलं असतं तर पाटलाच्या ओसरीवरच राहिलं असतं.

कोरेगावकर

हा मुद्दा मला जड जातोय. पण संरक्षण वरून असावं आणि पैशाचा निर्णय खाली असावा, हे एकत्र चालू शकतं. केंद्राच्या वाटपयोग्य करांतला 41 टक्के हिस्सा राज्यांना मिळतो, तो वित्त आयोग ठरवतो. सेस आणि अधिभार त्या वाटपात धरत नाहीत म्हणून राज्यं बोंब मारतात, आणि बरोबर मारतात. मग तीच राज्यं जिल्हा परिषदेशी तसंच का वागतात? 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. पंचायत राजसाठी केंद्रानं नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्यावर होता. राज्याच्या वसंतराव नाईक समितीनं जिल्हा निवडला, म्हणजे नियोजन पेलेल इतकं मोठं एकक. आज तिथं पेलायला ठेवलंय काय?

निवृत्त_खटाव

आधी गावानं स्वतःची घरपट्टी भरावी, मग मुंबईकडं बोट दाखवावं. थकबाकीची यादी फळ्यावर लावा, बघू कोण लावतो.

माणदेशी

लावतो की. पण नोटीस काढायची ग्रामसेवकानं. त्यो जिल्हा परिषदेचा नोकर, बदली वरनं, गोपनीय अहवाल वरनं. यादीत पयलं नाव ज्याचं, त्याचा फोन गेला की आमचा ग्रामसेवक दुसऱ्या गावाला. काम खाली आलं, पैसा थोडा आला, माणूस काय आला न्हाय. त्यो कधी देताय ते सांगा, वसुली म्या करतो.