घराचं व्हॅल्युएशन करून घेतलंय? खान्देशातले अनुभव लिहा

आमच्या जळगावच्या घरावर मजला चढवायचा आहे. कर्जासाठी बँकेचे व्हॅल्युअर पुढच्या आठवड्यात घर बघायला येतील. सासूबाईंना वाटतं, आधी घराला रंग देऊन घ्यावा. ह्यांचं म्हणणं, ते लोक कागदच बघतात. खान्देशात ज्यांनी कर्जासाठी, वाटणीसाठी, विक्रीसाठी घराचं मूल्यांकन करून घेतलंय, त्यांनी इथे लिहावं. काय तयारी कामी आली, कुठला खर्च वाया गेला, सगळं सांगा. घर कसलं आहे तेही लिहा, कारण पुण्याच्या फ्लॅटचे सल्ले आपल्या प्लॉटवरच्या घराला लागू पडत नाहीत.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

ताई, रंगाचं नंतर बघा. खरेदीखत घेऊन अंगणात उभ्या राहा आणि चतुःसीमा एकेक करून वाचा. आमचं खत जुनं. पूर्वेला खुला प्लॉट लिहिलेला, तिथे आज दुमजली घर आणि पिठाची गिरणी. व्हॅल्युअर साहेबांनी घरात पाऊल टाकण्याआधी हेच विचारलं. मी ले-आउटच्या नकाशाची प्रत काढून शेजारच्या प्लॉटचे नंबर आणि आजचे मालक पेन्सिलीने लिहून ठेवले होते, म्हणून जागच्या जागी उलगडा झाला. सोबत सूची क्रमांक २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, चालू घरपट्टीची पावती, वीजबिल, सगळ्यांची झेरॉक्स. क्षेत्रफळ सगळीकडे जुळतंय का पाहा. उताऱ्यावर चौरस मीटर असतात, आपण बोलतो फुटांत. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

धुळे, सिव्हिल इंजिनिअर

मी व्हॅल्युअरांसोबत मोजणीला जातो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. प्लॉटवरच्या घरात जागेची किंमत वेगळी निघते, बांधकामाची वेगळी. बांधकामातून वयाप्रमाणे घसारा वजा होतो. आरसीसी घराचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात. जागेसाठी रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, बघतात आणि आसपासचे व्यवहारही. नव्या रंगाने यातलं काहीच हलत नाही.

हलतं ते ओलीने आणि भेगांनी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यासोबत उथळ पाया खालीवर होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढत गेलेली भेग दिसली की आम्ही थांबतो. कॉलम आणि विटकामाच्या सांध्यातली सरळ बारीक रेघ वेगळी, तिची सहसा काळजी नसते. लोक आदल्या दिवशी भेगेवर पुट्टी मारतात. कृपा करून तसं करू नका. ताज्या पुट्टीचा पट्टा लगेच नजरेत भरतो आणि मग प्रत्येक भिंतीकडे संशयाने बघावं लागतं. भेग केव्हापासून आहे, वाढते का, दुरुस्ती कुणाकडून केली, हे सांगा आणि बिल दाखवा. रंगाचे पैसे असतील तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा आणि पन्हाळीचं पाणी पायाशी न मुरता लांब जाईल अशी सोय करा.

मजल्यासाठी कर्ज आहे, तर वरच्या मजल्याची बांधकाम परवानगी आणि अंदाजपत्रक हवंच. रक्कमही टप्प्याटप्प्याने मिळेल. कामाची पाहणी होऊन पुढचा हप्ता सुटतो.

पाचोरा

आमच्याकडे मे महिन्यात आले. आई एकटी होती आणि भाडेकरूच्या खोलीला कुलूप. ती खोली मोजायला त्यांना पुन्हा यावं लागलं, अहवाल लांबला. सगळ्या किल्ल्या, गच्चीचा जिना मोकळा आणि सकाळची वेळ, एवढं करा.

अमळनेर, शिक्षिका

वडिलांनी मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची खोली आणि मोरी काढली होती. नकाशात ती नाही. अहवालात मंजूर बांधकामच धरलं, खोलीचा उल्लेख 'नकाशाबाहेरील' म्हणून आला. आम्ही पहिल्याच भेटीत ते स्वतःहून सांगितलं होतं, त्यामुळे कर्ज अडलं नाही. रक्कम मात्र आमच्या हिशेबापेक्षा कमी झाली.

जळगाव (धागा काढणारी)

धुळ्याचे दादा, मूल्यांकन ठरलं की त्याच्या किती टक्के कर्ज मिळतं?

धुळे, सिव्हिल इंजिनिअर

ताई, घरकर्जाला रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा अशी: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८०, त्यापुढे ७५. बँक कमीही देऊ शकते, तुमचं उत्पन्न बघून.

चोपडा तालुका, शेतकरी

आमचं गावठाणातलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर. तिघा भावांत वाटणी करायची म्हणून खासगी व्हॅल्युअर बोलावले. गावठाणात सातबारा नसतो; ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता, त्यावर आजोबांचंच नाव. स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी गावात होऊन गेलेली, त्यामुळे मिळकत पत्रिका हाती आली आणि हद्दीचा वाद तिथेच मिटला. ज्यांच्या गावात मोजणी झाली असेल त्यांनी सनद, म्हणजे त्या मोजणीवरून मिळणारा मालकीचा दाखला, आधी घ्या.

धाब्यावर दरवर्षी खारी (पाणी न मुरू देणारी पांढरी माती) टाकत आलो, सागाचे खांब अजून दणकट. मोठ्या आबांना वाटे, खांबांचेच लाख येतील. साहेबांनी लाकडाची किंमत वेगळी लिहिली, पण मातीच्या भिंतींना फार थोडी. मुख्य किंमत जागेची आली. आबा मला म्हणाले, "काही झाकू नको, समदं दखाडी दे." बळद (धान्याची कोठी), मागचा गोठा, सगळं दाखवलं. तिघांसमोर मोजणी झाली म्हणून आकडा तिघांनी मानला. वाटणीसाठी करत असाल तर सगळे हिस्सेदार त्या दिवशी हजर ठेवा, मुंबईतल्या भावालाही बोलवा.

नंदुरबार

आम्ही वडिलोपार्जित घर विकलं, तेव्हा करासाठी १ एप्रिल २००१ रोजीची किंमत लागली. त्या आधीची मिळकत असेल तर तो आकडा मूळ खर्च म्हणून धरता येतो, पण त्या वेळची सरकारी मुद्रांक किंमत उपलब्ध असेल तर तिच्यापेक्षा जास्त दाखवता येत नाही. तेव्हा घर कसं होतं याचा पुरावा मागितला. आईने घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, आणि बहिणीच्या लग्नातले अंगणातले फोटो. त्यांत ओटा आणि वरची माडी स्पष्ट दिसते. व्हॅल्युअरांनी दोन्ही अहवालाला जोडून घेतले.