बॅगेआधी मॅट बघा

'डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर ५ अंशांची स्लीपिंग बॅग पुरेल का' असं वर विचारलंय, म्हणून लिहितोय. तो आकडा कम्फर्टचा (म्हणजे आरामात झोप लागेल इतकी थंडी) की लिमिटचा (अंग आखडून कशीबशी झोप निभेल इतकी), ते आधी बघा. एक्स्ट्रीमचा आकडा तर फक्त जीव वाचण्यापुरता. पण खरी थंडी खालून येते राव! आपल्या वजनाने पाठीखालचं भरण दबतं, ऊब धरणारी हवाच उरत नाही. एकदा बॅगेखाली अंथरायची मॅट घरी राहिली. कातळावर रात्रभर कुशी बदलल्या, पहाटे हातात चहाचा कप ठरेना. तेव्हापासून फोमची मॅट आधी, बॅग नंतर. पावसाळ्यात डाउन, म्हणजे मऊ पिसांचं भरण, नकोच, भिजलं की गोळे होतात, सिंथेटिक घ्या. एप्रिल-मेमध्ये मी बॅग नेतच नाही, सोलापुरी चादर बास.