मदत हवी आहे: सिरॉसिसमध्ये डीएनए दुरुस्तीची प्रथिनं वाढलेली दिसतात, अर्थ काय लावू?

नमस्कार मंडळी. पॅथॉलॉजीत एमडी करतेय. थिसिससाठी क्रॉनिक हिपॅटायटिस बी, क्रॉनिक हिपॅटायटिस सी आणि सिरॉसिसच्या (यकृतात तंतू माजून ते गाठाळ होणं) बायोप्सींवर डीएनए दुरुस्तीच्या प्रथिनांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने प्रथिन रंगवून पाहणं; प्रथिन असेल तिथे तपकिरी, बाकी निळं) केली आहे. मार्कर तीन: एपीई१ (खराब बेस काढल्यावर धागा कापणारं), कू७० (डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर टोकं धरणारं) आणि पीसीएनए (डीएनए नव्याने भरणाऱ्या यंत्रणेला धरून ठेवणारं). स्लाइड्स वाचून झाल्या, आता 'डिस्कशन' लिहायला बसले आणि गाडी अडली.

दिसतंय ते असं. निरोगी यकृतात रंग फिकट. हिपॅटायटिसमध्ये गडद, त्यातही दाह जास्त तिथे अधिकच. सिरॉसिसमध्ये मात्र एकाच स्लाइडवर एक गाठ (पुन्हा वाढलेल्या यकृतपेशींचा पुंजका) तपकिरी रंगाने भरलेली आणि तंतूंच्या पट्ट्यापलीकडची दुसरी जवळपास निळीच. गाइड म्हणतात, प्रथिन वाढलं म्हणजे दुरुस्ती वाढली, लिही आणि पुढे चल. मला पटत नाही. दुरुस्ती एवढी जोरात चालू असेल, तर यकृताचा कॅन्सर बहुतेक वेळा सिरॉसिस झालेल्या यकृतातच का उगवतो? परीक्षक पहिला प्रश्न हाच टाकणार.

दुसरं म्हणजे, नमुने कमी आहेत म्हणून बी आणि सी एकाच गटात घेतले तर चालेल का?

प्रतिसाद १

डॉक्टर, शंका रास्त आहे. रंगावरून प्रथिन किती आहे ते कळतं, ते काम करतंय का ते नाही. एपीई१चंच घ्या. दाहामुळे ग्वानिनचं (डीएनएच्या अक्षरांपैकी, म्हणजे बेसपैकी एक) ऑक्सिडेशन होतं, ओजीजी१ हे एन्झाइम तो खराब बेस उचलून काढतं, रिकाम्या जागेशी एपीई१ धागा कापतं, मग पॉलिमरेज बीटा भर घालतं आणि लायगेज टाका मारतं. यातलं नुसतं एपीई१ वाढलं आणि पुढचे दोघे होते तिथेच राहिले, तर कापलेल्या जागा उघड्याच राहणार. खोदायला माणसं भरपूर आणि डांबर टाकायला कोणी नाही, असा आपल्याकडचा रस्ता. म्हणून वाढलेलं एपीई१ ही दुरुस्तीची पावती न धरता आधी नुकसानीची खूण धरा.

पीसीएनएबद्दल तर जास्तच जपून. ते दुरुस्तीत असतं, तसं पेशी विभागताना डीएनएची प्रत काढतानाही असतं. हिपॅटायटिसमध्ये पेशी मरतात आणि नव्या होतात, त्यामुळे ते वाढणारच. त्याच ब्लॉकवर केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण) लावून शेजारी ठेवा. जिथे दोन्ही सोबत चढतात तिथे दुरुस्तीचा दावा करू नका. तुमच्या निळ्या आणि तपकिरी गाठींचं कोडंही कदाचित तिथेच सुटेल. सगळ्या गाठी एकाच वेगाने वाढत नसतात, आणि जुन्या सिरॉसिसमध्ये बऱ्याच यकृतपेशी विभागणं थांबवून बसलेल्या असतात.

रंग केंद्रकात आहे की सायटोप्लाझममध्ये, हे वेगवेगळं मोजलंत का? एकच एच-स्कोअर (रंग किती गडद आणि किती पेशींत, याचा आकडा) काढून मोकळं होऊ नका. कॅन्सरमध्ये एपीई१ सायटोप्लाझममध्ये दिसणं आणि रोग आक्रमक असणं यांचा संबंध नोंदवला गेला आहे.

आणि एक किरकोळ वाटणारी पण थिसिस बुडवणारी गोष्ट. यकृतात लायपोफ्युसिन हे पेशींत साठणारं रंगद्रव्य असतं, तेही तपकिरी, आणि घाईत डीएबीसारखंच (तुमच्या स्लाइडवरचा तपकिरी रंग) दिसतं. प्रायमरी (म्हणजे प्रथिनाला चिकटणारी) अँटिबॉडी न घालता केलेली स्लाइड शेजारी ठेवून पाहा. तिथेही यकृतपेशींमधल्या सूक्ष्म पित्तनलिकांच्या कडेने सोनेरी-तपकिरी दाणे दिसले तर ते तुमचं प्रथिन नव्हे. लोहाची शंका आली तर पर्ल्स (लोह निळं दाखवणारा रंग) करा. शिवाय यकृतपेशींत स्वतःचं बायोटिन भरपूर असतं, त्यामुळे किट अ‍ॅव्हिडिन-बायोटिनचं (रंग बायोटिनमार्फत जोडणारं) असेल तर खोटा रंग येतो. बायोटिन नसलेलं पॉलिमरचं किट घ्या.

प्रतिसाद २

बी आणि सी एकत्र? अजिबात नको. सी हा आरएनए विषाणू, आपल्या जीनोममध्ये घुसत नाही. त्याचं नुकसान मुख्यतः दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताणातून. बी मात्र जीनोममध्ये जाऊन बसतो, आणि सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होतो तो बीमध्येच जास्त. त्याहून मजेशीर म्हणजे बीचा डीएनए केंद्रकात शिरतो तेव्हा अर्धवट असतो. तो पूर्ण गोल करून घ्यायला हा विषाणू आपलीच दुरुस्तीची प्रथिनं वापरतो, पीसीएनए त्यातलंच एक! वर त्याचं एक्स प्रथिन डीडीबी१ या आपल्या पेशीतल्या प्रथिनाला धरून एसएमसी५/६ हे कॉम्प्लेक्स नष्ट करवतं, आणि तेही डीएनए दुरुस्तीतलंच. म्हणजे एकाच पेशीत काही वापरून घेतलं जातं आणि काही मोडून टाकलं जातं. सरासरी काढलीत तर हे सगळं पुसलं जाईल. नमुने कमी असतील तर गट छोटे ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा. दारूची हिस्ट्री असलेले वेगळे काढलेत ना?

प्रतिसाद ३

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या काकांना सी होता, औषधांनी गेला, पण सिरॉसिस आहे. त्यांची ही प्रथिनांची टेस्ट करून घ्यावी का?

प्रतिसाद १ देणारे

नको, दादा. ही संशोधनातली गोष्ट आहे, यावरून उपचार ठरत नाहीत. विषाणू गेला तरी सिरॉसिस असेपर्यंत कॅन्सरचा धोका राहतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. सोबत एएफपी (रक्तातली एक तपासणी) लागेल का, ते त्यांचे डॉक्टर सांगतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दारूवाले आधीच वगळले आहेत. बी आणि सी वेगळे करते, केआय-६७ आजच लावायला देते.

आता एकच. नुकसान थेट दाखवायला गॅमा-एच२एएक्स (डीएनए तुटल्याची खूण) लावावं की ८-ऑक्सोग्वानिन (ऑक्सिडेशन झालेला ग्वानिन)? दुसऱ्याची अँटिबॉडी आरएनएलाही चिकटते म्हणे, म्हणजे आधी आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) द्यावं लागणार. जुन्या पॅराफिन ब्लॉकवर यातलं काही कोणी स्वतः लावलं असेल तर अँटिजेन रिट्रीव्हलचा (झाकलेली खूण अँटिबॉडीसाठी पुन्हा उघडी करण्याचा) बफर आणि पीएच कळवा. सिट्रेट बफरवर रंग उठतो का?