ट्रॅक लोडरचे अवजार: प्लेट जुळल्यानंतरचे प्रश्न

खानापूर तालुक्यात बांधावरची झुडपे काढण्यासाठी ट्रॅक लोडरला (रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या, पुढे अवजार जोडता येणाऱ्या यंत्राला) मल्चर, म्हणजे झुडपांचा भुगा करणारे अवजार, घेणाऱ्यांना ‘प्लेट बसली की अवजार चालते’ असा सल्ला दिला जातो. तो अपुरा आहे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. जोडणीची प्लेट बहुतेक यंत्रांवर एकसारखी असल्याने अवजार बसते हे खरे, परंतु ते चालते हायड्रॉलिक तेलावर. साध्या प्रवाहाच्या यंत्रातून मिनिटाला साधारण ६० ते ९० लिटर तेल मिळते, तर जड मल्चरला अनेकदा १०० लिटरांहून अधिक लागते. तेल कमी पडले की रोटर (मल्चरचा फिरणारा भाग) प्रत्येक खोडाशी अडतो. उलट, लहान मोटरवर जादा प्रवाह सोडल्यास तेल तापते आणि सील जातात. म्हणून प्रवाह आणि दाब हे दोन्ही आकडे ताडून पाहावेत, तसेच मोटरला केस ड्रेनची (मोटरच्या आवरणात झिरपलेले तेल टाकीत परत नेणारी) स्वतंत्र नळी लागते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

वजनाचेही तसेच आहे. ट्रॅक लोडरची भारक्षमता सहसा टिपिंग लोडच्या (ज्या भाराला यंत्र पुढे उलटू लागते त्याच्या) ३५ टक्के धरतात, म्हणजे २,८०० किलोला उलटणाऱ्या यंत्राची ९८० किलो. नेहमीच्या बकेटऐवजी जड ग्रॅपल (पकडणारा पंजा) लावल्यास उचलता येणारा माल त्या जादा वजनाइतका घटतो.

निपाणी-चिकोडीकडील काळ्या जमिनीत बकेट ट्रॅकच्या बाहेरच्या रुंदीहून अरुंद घेऊ नये, अन्यथा एक ट्रॅक न खणलेल्या कडेवर चढून यंत्र कलते.