लागवडीचा ओट आणि रानटी ओट यांच्या मुळांची तुलना कशी करावी?

वऱ्हाडातील_शिक्षक (वाशीम जिल्हा)
आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी चाऱ्याच्या 'केंट' वाणाच्या ओटची आणि गव्हाच्या वावरात तण म्हणून येणाऱ्या रानटी ओटची मुळे तपासणार आहेत. गेल्या रब्बीत रानटी दाणे मागेपुढे उगवले आणि काळ्या मातीतून मुळे काढताना बारीक तंतू तुटले. रानटी ओटची मुळे अधिक जोमदार असतात, हे पडताळायचे असेल तर मांडणी कशी असावी?

बियाणेवाला (अकोला)
रानटी ओटच्या दाण्यांत सुप्तावस्था असते, म्हणजे ओल मिळूनही ते लगेच उगवत नाहीत, त्यामुळे पेरणीपासून दिवस मोजले तर तुलना मुळांची न राहता उगवणीची होते. टरफल काढून दाण्याला सुईने हलकेच टोचावे किंवा तो जिबरेलिक आम्लाच्या (उगवण जागवणाऱ्या वनस्पती-संप्रेरकाच्या) सौम्य द्रावणात भिजवावा, आणि दोन्ही प्रकारांतील एकाच दिवशी मोड आलेले दाणे लावावेत. दाण्यांचे वजनही नोंदवावे. सुरुवातीची बीजमुळे दाण्यातील साठ्यावर वाढतात आणि लागवडीच्या ओटचा दाणा सहसा भरदार असतो, म्हणून आरंभी तोच पुढे दिसला तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. फुटव्यांच्या पेऱ्यांतून निघणारी आगंतुक मुळे स्वतंत्र मोजावीत, कारण पुढचे बहुतेक पाणी आणि नत्र तीच शोषतात. माझ्या मते प्रयोग फुटवे येईपर्यंत चालवला नाही, तर 'जोमदार' या शब्दाला आधार मिळणार नाही.

काळी_माती (दर्यापूर)
निव्वळ काळी माती वापरू नये. ती वाळताना भेगाळते आणि मुळे तोडते. पीव्हीसी पाइप उभा चिरून दोरीने बांधावा, त्यात वाळू आणि चाळलेली माती भरावी, आणि शेवटी पाइप उघडून संपूर्ण गाभा रात्रभर पाण्यात भिजू द्यावा. मुळांची लांबी मोजण्यासाठी टेनंट या संशोधकाची 1975 ची पद्धत शाळेतही जमते: 1 सेंमी चौकटींच्या कागदावर पारदर्शक ताट ठेवून त्यात मुळे पसरावीत, ती उभ्या-आडव्या रेषांना जितक्या ठिकाणी छेदतात ती संख्या 11/14 ने गुणावी, म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी मिळते.

वऱ्हाडातील_शिक्षक
आभारी आहे. दोन्ही प्रकार एकाच पाइपात लावले तर चालेल का?

बियाणेवाला
तो वेगळा, चढाओढीचा प्रयोग झाला. शिवाय धुतल्यावर कोणते मूळ कोणाचे हे ओळखता येणार नाही. आधी स्वतंत्र पाइपांत वाढवावेत. रानटी रोपे मात्र लोंब्या धरण्यापूर्वीच उपटावीत, कारण त्यांचे दाणे पिकताच झडतात आणि पुढे कित्येक हंगाम निंदण वाढते.